इश्तारची ओटी

देवाला घाबरणाऱ्या बायका मी ढीगभर पाहिल्या आहेत. आमच्या साताऱ्याच्या गल्लीत तर दुसऱ्या प्रकारच्या बायकाच नव्हत्या. पण जिच्यासमोर देवांनीच जरा सावरून बसावं अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि तीही ओहायोतल्या डब्लिनमध्ये, आमच्या अपार्टमेंटच्या बरोबर खाली. आम्ही त्यांना खालच्या मावशी म्हणायचो. मूळच्या अमरावतीच्या. वय साठीच्या अलीकडे, उंची बेताची, आवाज मात्र असा की त्या फोनवर बोलायला लागल्या की पलीकडच्याने फोन ठेवून नुसती खिडकी उघडली तरी चालावं. देवाशी त्या ज्या सुरात बोलत, त्या सुरात आपण नळ दुरुस्त करणाऱ्याशी बोलतो. ‘हे बघ, तुला मागच्या महिन्यातच सांगितलं होतं,’ अशी त्यांची सकाळची प्रार्थना सुरू व्हायची आणि वरच्या मजल्यावर भेंडी चिरता चिरता मला उगीचच अपराधी वाटायला लागायचं.

मावशींच्या मते प्रत्येक देवीला हद्द असते, पोलीस ठाण्याला असते तशी. ‘अमरावतीच्या अंबेला इथलं गाऱ्हाणं सांगून काय उपयोग? ती बिचारी ऐकून घेईल. पण तिचा शब्द ओहायोत चालणार आहे का?’ म्हणून गाव बदललं की तिथली देवी कोण याची आधी चौकशी करायची, तिची ओटी भरायची, आम्ही आलो म्हणून सांगायचं आणि मगच नव्या घरात दूध उतू घालायचं. डब्लिनला राहायला आल्या तेव्हा त्यांनी शेजारणीला विचारलं, तर तिने चर्चचा पत्ता दिला. मावशी म्हणाल्या, ‘तो देव झाला. देवी?’ शेजारीण गोंधळली. आमच्या गावात एका मैदानावर माणसाएवढी काँक्रीटची मक्याची कणसं ओळीने उभी करून ठेवली आहेत. लोक येतात, फोटो काढतात, जातात. मावशींनी ती पाहिली आणि तिथल्या तिथे हात जोडले. अन्नपूर्णाच ती! डावीकडून तिसऱ्या कणसाला मावशींनी हळदकुंकू लावलं. गावातल्या कुणीतरी ते धुऊन काढलं, मावशींनी परत लावलं, आणि हे असं इतकी वर्षं चाललं की शेवटी धुणारा दमला. या देवीने मावशींना नीट सांभाळलं, असं त्यांचं ठाम मत होतं. मावशींचे यजमान, म्हणजे काका, हार्ट अटॅकने गेले त्याचं काय, असं मी एकदा नको तेवढ्या हुशारीने विचारलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘ते क्लीव्हलँडला गेले ना. दुसऱ्या हद्दीत.’

मी नवऱ्याबरोबर त्या गावात आले ते नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून. नोकरी करायला बंदी, गाडी येत नाही, दुपारभर करायचं काय? मावशींनी पहिल्याच आठवड्यात माझा ताबा घेतला. त्यांच्या छताला, म्हणजे माझ्या जमिनीला, त्या झाडूच्या दांड्याने ठोकायच्या. दोन ठोके म्हणजे चहा तयार आहे. तीन ठोके म्हणजे अजून कशी आली नाहीस. नवरा वैतागायचा, पण खाली जाऊन तक्रार करायची त्याची छाती नव्हती.

मावशींना एकुलता एक मुलगा, निखिल. काका गेल्यावर पोरगा कॉलेजच्या फीपायी आर्मीच्या रिझर्व्हमध्ये शिरला. महिन्यातून एक वीकएंड ट्रेनिंग, बाकी कॉलेज. मावशींना हे एनसीसीसारखं काहीतरी वाटलं होतं. दोन हजार तीनच्या सुरुवातीला त्याला बोलावणं आलं, आणि मार्चमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा निखिल कुवेतमध्ये ट्रक चालवत होता. एप्रिलमध्ये इराकमध्ये. त्या दिवसापासून मावशींच्या घरातला टीव्ही बंद झाला नाही. आवाज बंद, चित्र चालू. खाली अक्षरं सरकत असायची, आणि मावशी माझ्याशी लोणच्याबद्दल बोलता बोलता मध्येच गप्प होऊन ती अक्षरं वाचायच्या. मग ‘हं, तर मोहरी जरा जास्त लागते,’ असं म्हणून पुढे सुरू.

आणि तेव्हाच तो नियम आला. मावशींनी कुठूनतरी ऐकलं की मुलाचं काही बरंवाईट झालं तर आर्मी फोन करत नाही. माणसं पाठवते. युनिफॉर्ममधली. आणि नेहमी दोन. झालं! मावशींनी ठरवलं, दोन माणसं एकदम दारात आली तर दार उघडायचंच नाही. दार उघडलं नाही तर ते सांगणार कसं, आणि सांगितलं नाही तर ते झालं कसं? केबलवाले दोघं आले, तर खिडकीतून एकाला व्हॅनमध्ये परत पाठवलं आणि मग दुसऱ्याला आत घेतलं. टाय लावलेली, काळी पाटी खिशाला अडकवलेली दोन कोवळी मुलं धर्म सांगायला आली, त्यांतल्या एकाला पार्किंगमध्ये उन्हात उभं करून दुसऱ्याला त्यांनी पोहे खायला घातले. माझा नवरा त्याच्या मित्राला घेऊन त्यांचा दिवा बदलायला गेला, तर मित्राला जिन्यावर बसवलं. हसू यायचं, हसता यायचं नाही. खाली गेले की मी दारावर टकटक करून आधीच ओरडायचे, ‘मावशी, मी एकटीच आहे!’ मग साखळी निघायची.

मे महिन्यात एक दिवस तीन ठोके पडले. गेले तर मावशींसमोर लायब्ररीचं जाडजूड पुस्तक, त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं.

‘सापडली,’ मावशी म्हणाल्या.

‘कोण?’

‘तिथली देवी.’

मावशी लायब्ररीत जाऊन थेट विचारून आल्या होत्या, इराकची देवी कोण? लायब्रेरियन भली बाई. तिने सांगितलं, तिथे तसं काही नसतं. मावशी म्हणाल्या, त्याच्या आधी? तिने आधीचं सांगितलं. त्याच्याही आधी? असं करत करत त्या बाईला मावशींनी चार हजार वर्षं मागे नेलं तेव्हा कुठे ती सापडली. ‘अगं, देव्या कुठे जात नाहीत,’ मावशी मला म्हणाल्या. ‘लोक जातात. ती असेलच तिथे बसलेली. इतक्या वर्षांत कुणी ओटी भरली नाही, चिडली असेल. म्हणून तर ही सगळी आग लागून राहिली.’

पुस्तकात देवीची दोन नावं होती. सुमेरचे लोक तिला इनान्ना म्हणत, बाबिलोनचे इश्तार. आता यावर पंडितांनी काय काय लिहिलंय ते त्यांचं त्यांना लखलाभ. मावशींनी एका क्षणात निकाल लावला, ‘एक माहेरचं नाव, एक सासरचं.’ इश्तार ही प्रेमाची देवी, पीकपाण्याची आणि लेकराबाळांचीही तीच, आणि वर लढाईचीही तीच. मला हे जरा विचित्र वाटलं. मावशींना अजिबात नाही. ‘माझी नागपूरची नणंद अशीच आहे,’ म्हणाल्या. मग चित्र दाखवलं. पाठीवर शस्त्रं, एक पाय सिंहावर. सिंहावर बोट ठेवून मावशी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की आता आणखी काय पुरावा पाहिजे तुला?

त्या दिवसापासून त्या पुस्तकाची पोथी झाली. सकाळी आंघोळ करून, पाटावर बसून, बोट फिरवत रोज दोन पानं. इंग्रजी अडखळत, अर्थ मात्र बिनचूक. त्यात एक मोठी कथा होती. देवी पाताळात आपल्या बहिणीकडे जाते. वाटेत सात दारं. प्रत्येक दारावरचा पहारेकरी तिच्या अंगावरचं काहीतरी काढून घेतो. मुकुट, गळ्यातली माळ, कडं, शेवटी वस्त्रसुद्धा. खाली पोचते तेव्हा ती मरते, खुंटीला टांगतात तिला. मग कुणीतरी येऊन तिच्यावर जीवनाचं पाणी शिंपडतं आणि देवी उठून बसते. मावशी इथपर्यंत आल्या आणि पुस्तकाची मुदत संपली. मुदत वाढवून मिळेना, कारण त्या दिवसांत इराकवरच्या पुस्तकांवर उड्या पडत होत्या आणि रांगेत दुसरं कुणीतरी होतं. ‘उठून बसली ना, मग झालं,’ असं म्हणून मावशींनी नमस्कार करून पुस्तक परत केलं. ‘खाली जाऊन परत वर येते ही बाई. मला अशीच पाहिजे.’

मग मोहीम ठरली. साडेतीन तासांच्या ड्राइव्हवर एका युनिव्हर्सिटीच्या छोट्या म्युझियममध्ये इश्तारची मातीची मूर्ती आहे, असं लायब्रेरियनने शोधून दिलं होतं. तिथे जाऊन ओटी भरायची आणि नवस बोलायचा. आणि ओटी भरायची मी!

‘तुम्ही भरा ना,’ मी म्हणाले. ‘मी गाडी चालवते.’

‘मला चालत नाही. सवाष्ण लागते.’

‘मावशी, अमेरिकेत कोण बघतंय? आणि काका गेले यात तुमचा काय दोष?’

मावशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. ‘दोष नाही गं. मलाही हे पटत नाही. पण माझ्या पोराचा जीव तिथे टांगलाय. नियम मोडून बघायची ही वेळ आहे का?’

रात्री नवऱ्याला सांगितलं, तर त्याची पाचावर धारण बसली. ‘इराकच्या देवीची पूजा? म्युझियममध्ये? या दिवसांत? अगं, आपण व्हिसावर आहोत!’ हे वाक्य तो भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायचा, पण या वेळी त्याचं चुकत नव्हतं. आमच्यासारख्या रंगाच्या माणसांकडे त्या वर्षी लोक दोनदा बघत होते. माझं लायसन्स सहा आठवड्यांचं. दोन एक्झिटच्या पुढे मी हायवेवर गेले नव्हते. तरी ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी आम्ही निघालो. दोन्ही बाजूंनी ट्रक, मध्ये मी, आणि शेजारी मावशी मांडीवर नारळ घेऊन. मी लेन बदलली की त्या डोळे मिटायच्या, आणि त्यांनी डोळे मिटले की मलाही मिटावेसे वाटायचे.

म्युझियमच्या दारात उंचापुरा, पिकल्या मिशांचा गार्ड उभा होता. हातात ती अंगावरून फिरवायची पट्टी. मावशींच्या अंगावरून फिरवताच ती वाजली. पदराच्या पिना काढल्या. परत वाजली. हातातली बांगडी काढली. ‘दुसरं दार,’ मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या. मला कळेना. मग केसांतले आकडे काढले, घड्याळ काढलं, चष्म्याची केस काढली, गळ्यातली चेन काढली, आणि प्रत्येक वेळी मावशी मोजत होत्या. खरं तर दार एकच होतं. पण मावशींनी रेटून सहा केले. ‘बरोबर चाललंय,’ म्हणाल्या. ‘तिलाही असंच काढायला लावलं होतं.’

सातवं दार नारळाचं. गार्डने पिशवीतून तो बाहेर काढला, शेंडीला धरून. हलवला. आतून पाणी वाजलं. गार्डचा चेहरा एकदम गंभीर झाला. ‘मॅम, व्हॉट इज इन धिस?’

‘वॉटर,’ मावशी म्हणाल्या.

‘हू पुट इट देअर?’

‘गॉड,’ मावशी म्हणाल्या.

मागे उभी असलेली दोन माणसं दोन पावलं मागे सरकली. गार्डने कंबरेच्या रेडिओला हात लावला. मी एका दमात सगळं सांगायला लागले, कोकोनट, फ्रूट, टेंपल, आणि माझ्या डोळ्यांसमोर विमानात बसवून परत पाठवलेली मी, विमानतळावर घ्यायला आलेले सासरे, असं सगळं दिसायला लागलं. गार्डने माझं बोलणं संपू दिलं. मग नारळ काउंटरमागे ठेवला, त्याच्या शेंडीला नंबरची चिठ्ठी बांधली, दुसरी अर्धी चिठ्ठी मावशींच्या हातात दिली आणि आमच्या मागोमाग आत आला.

मूर्ती तळहाताएवढी होती. काचेच्या पेटीत, कोपऱ्यात. इतका प्रवास करून एवढीशीच, असं मला वाटलं. नाक झिजलेलं, सिंहाचा कान तुटलेला. मावशींनी पिशवीतून खण काढला, झिपलॉकमधले तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक. माझ्या ओंजळीत दिले आणि ओंजळ काचेला टेकवायला सांगितली. मी टेकवली तसे तांदूळ काचेवर टिकटिक वाजले.

‘मॅम,’ मागून गार्डचा आवाज आला. ‘व्हॉट आर यू डूइंग?’

मावशी वळल्या. मूर्तीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘धिस इज हर प्लेस. माय सन इज देअर.’

गार्डने मूर्तीकडे पाहिलं, मग खाली लावलेल्या पाटीकडे पाहिलं, त्यावर लिहिलेलं देशाचं नाव वाचलं. घड्याळ पाहिलं. म्हणाला, त्याला पलीकडची खोली बघून यायची आहे, आणि त्याला चार मिनिटं लागतात. आणि खरंच गेला. मला रडूच आलं. मावशींनी चारही मिनिटं वापरली. ‘ए बाई,’ देवीला म्हणाल्या, ‘तुझ्या हद्दीत माझं लेकरू आहे. निखिल नाव त्याचं. ट्रक चालवतो. तू खाली जाऊन वर आलीस, तसं त्याला वर आण. पोरगा घरी आला की साडी घेऊन येते, खणानारळाने ओटी भरते.’ जाताना नारळ परत मिळाला. तो त्यांनी चिठ्ठीसकट लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. नवस फेडायचा दिवस येईपर्यंत तसाच राहणार होता.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी काळी गाडी पार्किंगमध्ये थांबली. मी बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होते. गाडीतून दोघं उतरले. युनिफॉर्ममधले. टोप्या घातल्या, कागद पाहिला आणि आमच्या बिल्डिंगकडे चालायला लागले. मी टॉवेल तिथेच टाकून जिन्यावरून अनवाणी धावले. मावशींच्या घरातून बाथरूमच्या नळाचा आवाज येत होता, पूर्ण सोडलेला. मावशींनी खिडकीतून पाहिलं होतं. मी त्यांच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दोघांना मी काय अडवणार होते? त्यांनी मला नम्रपणे विचारलं, टू सी कुठे? टू सी म्हणजे माझ्या समोरचं घर. तिथला शाळकरी मुलगा आर्मीत भरती होऊ म्हणत होता, त्याच्याशी बोलायला आले होते. मी वर बोट दाखवलं आणि तिथेच पायरीवर बसले. मग दार वाजवलं. ‘मावशी, मी एकटीच आहे.’ नळ बंद झाला. साखळी निघायला फार वेळ लागला.

नोव्हेंबरमध्ये निखिलचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. मावशी नेहमी फोन स्पीकरवर टाकायच्या. ‘आई, आय’म फाइन,’ तो म्हणाला. मग खरखरीतून म्हणाला, ‘आई, टायलर इज गॉन.’ टायलर त्याचा ट्रकवरचा जोडीदार. ओहायोतलाच, आमच्यापासून तासाभरावरच्या गावचा. निखिलच्या फोनमध्ये मागून ‘हाय, आंटी!’ म्हणून ओरडायचा. त्या दिवशी ट्रक निखिल चालवणार होता. त्याला सकाळी एकशे तीन ताप भरला. टायलर म्हणाला, तू झोप, मी जातो. एवढं सांगून निखिल रडायला लागला, आणि मावशी ‘बाळा, बाळा’ एवढंच म्हणत राहिल्या, फोन कट झाल्यावरसुद्धा.

मला वाटलं, पोरगा वाचला, आता हळूहळू सावरतील. दुसऱ्याच आठवड्यात मावशींनी ते पुस्तक परत आणलं. मी खाली गेले तेव्हा पाटावर बसल्या होत्या, पुस्तक मिटलेलं.

‘शेवट वाचला नव्हता गं मी,’ म्हणाल्या. ‘पोथी अर्धी टाकून नवस बोलले.’

‘काय आहे शेवट?’

‘ती वर येते ना, तेव्हा मागोमाग यमदूत येतात. खालून कुणाला फुकट सोडत नाहीत. एक वर आला तर त्याच्या बदली दुसरा द्यावा लागतो. देवीने स्वतःच्या नवऱ्याला दिलं.’ मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘मी फक्त माझा मागितला. बदलीत कोण, ते तिच्यावर सोडलं.’

मी भडकलेच. ‘काहीतरीच काय बोलता मावशी! चार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती!’

‘आणि ताप? तोही चार हजार वर्षांपूर्वीचा होता का?’

मी खूप बोलले. शिकलेली माणसं जे जे बोलतात ते सगळं बोलले. मावशींनी ऐकून घेतलं, मला चहा दिला, आणि त्या दिवसापासून त्यांनी प्रार्थना मोठ्याने म्हणणं बंद केलं. वर माझ्या स्वयंपाकघरात सकाळी इतकं शांत वाटायला लागलं की मी रेडिओ लावून ठेवायचे.

एप्रिलमध्ये निखिल परत आला. वाळलेला, गप्प, दार जोरात लागलं की दचकणारा, पण हातीपायी धड. मावशींनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याने मुकाट्याने टाकू दिला. तीन आठवड्यांनी मावशी म्हणाल्या, ‘शुक्रवारी गाडी काढ. नवस फेडायचाय.’ हिरवी नऊवारी घेतली, खण घेतला, तांदूळ घेतले, आणि तो नारळ, चिठ्ठीसकट. मी हायवेला लागले. आता मला हायवेची भीती उरली नव्हती. तासभर झाला आणि मावशी म्हणाल्या, ‘पुढच्या एक्झिटला घे.’

‘अजून अडीच तास आहेत, मावशी.’

‘देवीकडे नाही जायचं.’ हातात कागद होता, निखिलच्या अक्षरात लिहिलेला पत्ता. ‘तिला मिळालं तिचं. जिचं गेलं तिची भरायची.’

छोटं पांढरं घर होतं. पोर्चमध्ये झेंडा, पायऱ्यांवर कुंड्या, त्यातली रोपं सुकलेली. मी गाडी बंद केली, ओटीची पिशवी उचलली आणि पट्टा सोडला. सवाष्ण मीच होते ना. मावशींनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली.

‘तू गाडीतच थांब.’

‘पण ओटी...’

‘दोघी नको,’ मावशी म्हणाल्या. ‘तिच्या दारात दोन माणसं नको.’

आणि एकट्या गेल्या. काचेतून मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. दार उघडलं. माझ्या आईच्या वयाची बाई, टीशर्ट, पाय अनवाणी. मावशी काहीतरी म्हणाल्या. त्या बाईला कळलं नसावं. मावशींनी तिला दाखवण्यासाठी स्वतःचा पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला आणि तशाच उभ्या राहिल्या, खूप वेळ. मग त्या बाईने आपल्या टीशर्टची कड पुढे धरली. मावशींनी तांदूळ घातले, खण घातला, साडी ठेवली, वर नारळ. बाईने नारळ उचलून कानाशी हलवून पाहिला, इथे सगळेच पाहतात तसा. तो कधीच आतून सुकला होता. मग ती दाराच्या चौकटीला टेकली आणि हळूहळू खाली बसली, आणि मावशी तिच्या शेजारी बसल्या. पाऊण तास मी गाडीत बसून होते. नवऱ्याचे चार फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत.

मावशी परत आल्या, पट्टा लावला. अर्ध्या रस्त्यात आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘लगेच दार उघडलं गं तिनं. एकटीच होते ना मी.’

आता त्या गोष्टीला चार वर्षं झाली. निखिलला टेक्सासमध्ये नोकरी लागली आणि मावशी त्याच्याबरोबर गेल्या. तिथली देवी कोण, याची चौकशी पहिल्याच आठवड्यात झाली असणार, पण फोनवर मी विचारलं की त्या विषय बदलतात. दर मे महिन्यात मात्र त्या विमानाने येतात, मी त्यांना त्या पांढऱ्या घरी सोडते आणि गाडीत बसून राहते. आमचंही आता घर झालंय, खाली कुणी नाही, जमिनीला ठोके पडत नाहीत. तिसऱ्या कणसावरचं कुंकूही पावसाने गेलं. मी एकदा लावून आले, पण माझं बोट नीट वळलं नाही. आणि नवरा हसतो, पण कुणाकडेही जायचं असलं तर मी अजूनही त्याला म्हणते, तू आधी जा, मी गाडी लावून मागून येते.